सेंटरमध्ये असलेल्या जोडीदाराची अस्वस्थता आणि औषधं: पहिल्या काही महिन्यांत काय करावं

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नवऱ्याला किंवा बायकोला केअर सेंटरमध्ये ठेवलं की थोड्याच दिवसांत एक फोन येतो. "काका फार रेस्टलेस आहेत, रात्रभर झोपले नाहीत, मावशींच्या अंगावर धावून गेले. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आहे." आपण आधीच अपराधी वाटून घेऊन बसलेलो असतो, त्यामुळे घाईघाईने 'बरं बरं' म्हणून मोकळे होतो. गोळी कोणती, किती, किती दिवसांसाठी, हे विचारायचं सुचतच नाही. मग रविवारी भेटायला जावं, तर माणूस खुर्चीत मान टाकून बसलेला.

हा लेख त्या फोनच्या आधी वाचायचा आहे. माझे मिस्टर पुण्याजवळच्या एका सेंटरमध्ये आहेत आणि अशाच नवरा-बायकोंचा आमचा एक गट आहे. गटात नव्याने येणाऱ्यांना आम्ही जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्यातली मुख्य गोष्ट एकच: अस्वस्थतेला बहुतेक वेळा कारण असतं. दुखतंय, लघवीला लागलीय, भीती वाटतेय, हे शब्दांत सांगता येत नाही म्हणून माणूस येरझाऱ्या घालतो, ओरडतो, हात झटकतो. ते कारण शोधायला लागणारी माहिती सेंटरकडे नसते. ती इतकी वर्षं संसार केलेल्या तुमच्याकडे असते. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवतील, पण ठरवताना त्यांच्यासमोर ही माहिती असेल, हे तुम्हाला पाहावं लागतं.

१. दाखल करताना दोन कागद द्या

पहिला कागद माणसाचा. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. त्या मानाने या कामाचं शिक्षण घेतलेल्या मावशी आणि मामा फार थोडे. सेंटरमधली माणसं मनाने चांगली असतात, पण तुमच्या नवऱ्याबद्दल त्यांना वय, आजार आणि खोली नंबर एवढंच माहीत असतं. म्हणून एका पानावर मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत लिहून द्या. त्यांना काय हाक मारायची, हे सगळ्यात आधी. आमच्या गटातल्या एका बाईंचे यजमान मुख्याध्यापक होते. 'आजोबा, चला' म्हटलं की ते जागचे हलत नसत. मामांनी 'सर, येता ना?' म्हणायला सुरुवात केली आणि आंघोळीची निम्मी भांडणं मिटली.

पुढे झोपायची-उठायची वेळ, चहा कसा लागतो, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, उजव्या कुशीवर झोपतात की डाव्या, काय काम करायचे, कशाला घाबरतात, कोणाचं नाव घेतलं की खुलतात, हे लिहा. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी यांची नोंद हवीच. कानाच्या मशीनची बॅटरी संपली की माणूस चिडका होतो. कारण शोधताना मशीनकडे कोणाचं लक्षच जात नाही.

लाज वाटते म्हणून वगळली जाणारी एक गोष्ट मात्र नक्की लिहा: तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू. चाळीस वर्षं सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईंची मिश्री दाखल झाल्या दिवशी बंद झाली, तर त्या बेचैन होणारच. रोज दारू घेणाऱ्याची दारू एकदम सुटली तर दोन-तीन दिवसांत हातांना कंप, भास, कधी फिट येण्यापर्यंत मजल जाते. ते जिवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांना आधी माहीत असायला हवं. रोजच्या झोपेच्या गोळीचंही तसंच. वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेणाऱ्याची गोळी यादीत लिहायची राहिली आणि एकाएकी बंद पडली, तर पहिल्या आठवड्यात जो गोंधळ होतो तो 'नवीन जागेमुळे' म्हणून खपून जातो.

दुसरा कागद औषधांचा. प्रिस्क्रिप्शनवरून उतरवू नका, घरातल्या डब्यातून प्रत्यक्ष पट्ट्या काढून उतरवा. कंपनीचं नाव, आतल्या औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, कोणी सुरू केली आणि केव्हा. केमिस्टकडून मनाने आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, डोळ्यांत घालायचे थेंब, मलम, सगळं. खाली तारीख टाका. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि काही बदललं की नवीन कागद करा. जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. रात्रपाळीची सिस्टर अर्ध्या उजेडात तीच खाडाखोड वाचणार असते.

२. अस्वस्थतेची वही सुरू करा

'खूप त्रास देतात' या वाक्यावर डॉक्टर गोळीच लिहू शकतात, दुसरं काय करणार? म्हणून शंभर पानी वही घ्या, खोलीतल्या कपाटात दोरीला पेन बांधून ठेवा आणि मावशी, मामा, सिस्टर यांना प्रेमाने विनंती करा की प्रत्येक वेळी चार ओळी लिहा: काय दिसलं, त्याआधी काय घडत होतं, काय केलं, त्यानंतर काय झालं. एक नोंद अशी दिसते:

"मंगळवार, ४.४०. दाराशी उभे, कडी हलवतात, मला ढकललं. आधी: शेजारच्या खोलीत भांडी पडली. दुपारी जेवल्यापासून लघवीला गेले नव्हते. बाथरूमला नेलं. ५.०५ ला खुर्चीत बसून चहा घेतला."

अशा नोंदी आठवडाभर जमल्या की काहीतरी आकार दिसायला लागतो. रोज चारच्या सुमारास, फक्त आंघोळीच्या वेळी, फक्त एका ठरावीक माणसाची ड्यूटी असताना, पोट साफ होण्याचं औषध दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. मावशींना लिहिण्याची सवय नसेल तर त्यांना मोबाईलवर बोलून पाठवायला सांगा आणि तुम्ही उतरवा. त्यांच्या चुका धरायला वही नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, नाहीतर वहीत फक्त 'शांत होते' एवढंच येत राहील.

३. आधी एकच प्रश्न: हे अचानक झालं का?

डिमेन्शिया महिन्यांच्या हिशेबाने वाढतो. कालपर्यंत नाव सांगणारा माणूस आज छताकडे बघत हातवारे करतोय, दिवसा झोपतोय आणि रात्री जागतोय, तासातासाला वेगळाच वागतोय, तर त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. एकदम गप्प, सुस्त, उठवलं तरी डोळे मिटणारा माणूस हेही डिलिरियमचंच रूप आहे. त्रास देत नसल्यामुळे ते सहज नजरेतून सुटतं. अशा वेळी मन शांत करणाऱ्या गोळीच्या आधी तपासणी हवी, आणि ती त्याच दिवशी.

फोनवर सिस्टरना विचारायच्या गोष्टी: ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन किती? ग्लुकोमीटरवर साखर किती? संडास शेवटची कधी झाली? लघवी होतेय का, पोट खाली फुगलंय का? गेल्या काही दिवसांत पडले होते का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पडल्यावर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं आणि लक्षणं काही आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून 'पडले होते पण काही लागलं नाही' हे उत्तर पुरेसं मानू नका. वय झाल्यावर इन्फेक्शन असूनही ताप येतोच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

साखरेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी सकाळी दिली आणि माणसाने नाश्त्याला तोंडच लावलं नाही, तर अकरा-बाराच्या सुमारास साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, अंगावर धावून जाणं. साखर दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत माणूस निवळतो. वहीत जेवणाआधीची वेळ वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांना मधुमेहाच्या गोळीचा डोस पुन्हा बघायला सांगा.

दुसरं म्हणजे सोडियम. बीपीच्या ज्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं त्यांनी, आणि एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. दोन्ही एकत्र चालू असतील तर धोका वाढतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. लघवीच्या रिपोर्टबाबत मात्र सावध राहा: वयस्कर माणसांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. जंतू दिसले म्हणजे कारण मिळालं, असं समजून बाकीचा शोध थांबवू नका.

४. दुखणं शोधा

नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रहिवाशांवर एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमेन्शिया असलेल्या, अस्वस्थ माणसांपैकी एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिली. बहुतेकांना साधं पॅरासिटामोलच. त्या गटाची अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. दुखतंय हे सांगता न येणाऱ्या माणसाचं दुखणं आपण 'वागणूक' म्हणून बघत असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुखतंय का विचारलं तर 'नाही' म्हणतील. म्हणून बघायचं. श्वास कसा चाललाय, कण्हतात का, कपाळाला आठ्या आहेत का, मुठी आवळल्यात का, हात धरून बोललं तर निवळतात का. डॉक्टर आणि नर्स दुखणं मापायला जो तक्ता वापरतात त्यात याच पाच गोष्टी असतात, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. तुम्हीही भेटीच्या वेळी बघू शकता, विशेषतः त्यांना उठवताना, कुशीवर वळवताना आणि जेवताना. गटातल्या एका गृहस्थांच्या पत्नी पोळी फेकून द्यायच्या, मावशींना चावायला धावायच्या. त्यांनी वरणभात मात्र गप्प खाल्ला, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. तोंड उघडून बॅटरीने पाहिलं तर कवळीच्या कडेखाली वाटाण्याएवढा फोड. दोन दिवस कवळी काढून ठेवली, औषध लावलं, त्यांचं चावणं थांबलं.

तोंड, पायांची नखं, पाठीखालची कातडी, गुडघे, बद्धकोष्ठ, डायपरखालचे चट्टे, एवढं दर भेटीत बघून घ्या. तीन दिवस संडास झाली नसेल तर दुसरं कारण शोधण्याआधी ते सोडवा.

५. तिन्हीसांजेची तयारी दुपारीच करा

चार-पाच वाजल्यापासून जी घालमेल सुरू होते ती बहुतेक सेंटरमध्ये दिसते. दिवसभराचा थकवा, मावळता उजेड, लांबणाऱ्या सावल्या, त्यातच ड्यूटी बदलण्याची गडबड. पावसाळ्यात तर दुपारीच अंधारून येतं. अंधार पडायची वाट न बघता खोलीतले दिवे लवकर लावायला सांगा, पडदा ओढून घ्यायला सांगा. आरशात परका माणूस दिसतो म्हणून घाबरत असतील तर आरसा झाका. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर नको, आणि सकाळी उन्हात बसवणं किंवा चालवणं रोजच्या वेळापत्रकात हवं. चारला चहाबरोबर काहीतरी खायला द्या, सहा वाजता टीव्हीवरच्या बातम्यांचा आरडाओरडा बंद करा. हाताला काम द्या: कपड्यांच्या घड्या, मटार सोलणं, नाणी लावणं. जन्मभर संध्याकाळी दिवा लावणाऱ्या बाईंना दिवा लावू द्या. बॅटरीचा चालेल.

"मला घरी जायचंय" याला उत्तर काय द्यायचं, हे नवीन माणसाला सगळ्यात कठीण जातं. "अहो, आता हेच तुमचं घर" म्हटलं की भांडण पेटतं. "उद्या नेते" म्हटलं तर ते दारात बसून राहतात. त्यापेक्षा घराबद्दल विचारा. कोणतं घर, अंगणात काय होतं, आई काय करायची. बऱ्याचदा ते घर तुमच्या दोघांचं नसतंच, लहानपणचं असतं. मागणीच्या मागे भूक, थकवा किंवा एकटेपणा असतो. बोलत बोलत कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारा, मग पाणी, मग बसणं. हेच मावशींनाही शिकवा. सगळ्यांनी एकसारखं उत्तर दिलं तर लवकर गुण येतो.

आंघोळीची चिडचिड वेगळी. तिथे कारण बहुतेक वेळा लाज आणि थंडी असते. बाईंना मावशीच हवी, पुरुषाला मामा. पाणी आधी पायावर, डोक्यावर शेवटी. अंगावर टॉवेल ठेवूनच आंघोळ घालता येते. एखाद्या दिवशी नुसतं अंग पुसलं तरी चालतं, त्यासाठी गोळी नको.

६. कुठली गोळी कशासाठी, हे समजून घ्या

स्मृतीसाठीची औषधं: डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन. त्यांनी आजार बरा होत नाही, काहींची गाडी थोडा काळ रुळावर राहते. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं, आणि रात्री घेतल्यास भयानक स्वप्नं पडणं असं होऊ शकतं. रात्री किंचाळून उठत असतील तर गोळी सकाळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. रिव्हास्टिग्मिनची कातडीवर चिकटवायची पट्टी लावत असतील तर नवी लावण्याआधी जुनी काढली का, हे स्वतः पाठ बघून खात्री करा. दोन पट्ट्या एकदम राहिल्या तर उलट्या होऊन हॉस्पिटल गाठावं लागतं. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्याच ताकदीची पट्टी परस्पर लावू नये, डॉक्टरांना विचारून कमी ताकदीपासून पुन्हा सुरू करतात.

मन शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकॉटिक गोळ्या: रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल. फोनवर वाढवलेली 'ती गोळी' बहुधा यांतलीच. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्ये या वर्गातल्या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण १७ चाचण्या एकत्र पाहिल्यावर डिमेन्शियाच्या वयस्कर रुग्णांमध्ये साधारण दहा आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत २.६ टक्के निघालं. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. हे वाचून गोळी एकदम बंद करू नका. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, भासांनी भेदरलाय, बाकी सगळं करून झालंय, अशा वेळी कमीत कमी डोस, थोड्या काळासाठी, याला जागा आहे, आणि तेव्हा ती नाकारणंही त्या माणसावर अन्याय होईल. पण येरझाऱ्या, तोच तोच प्रश्न, हाका मारणं, वस्तू लपवणं, कपडे काढणं यांवर या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यासाठी गोळी सुचवली तर नम्रपणे पण ठामपणे विचारा.

लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल (स्पष्ट भास, झोपेत हातपाय मारणं, पार्किन्सनसारखा ताठरपणा) तर हॅलोपेरिडॉलसारखं औषध घातक ठरू शकतं. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, लोराझेपाम, क्लोनाझेपाम: पडण्याचा धोका वाढतो, गोंधळ वाढतो, काहींना तर उलट चेव येतो. खूप दिवस चालू असलेल्या मात्र हळूहळूच उतरवायच्या.

आणि साध्या वाटणाऱ्या गोळ्या. सर्दीची क्लोरफेनिरामिन, खाज-ॲलर्जीची फेनिरामिन, वारंवार लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन. डोनेपेझिल मेंदूत जे रसायन टिकवायला बघतं त्याच्याच विरुद्ध या काम करतात. चक्कर आणि उलटीसाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड यांनी शरीर ताठरतं. माझं मत असं की नवीन गोळी घालण्याआधी यांतली एखादी काढता येते का, हे आधी बघायला हवं.

७. गोळी वाढवायची म्हणतात तेव्हा

डॉक्टर सेंटरला कोणत्या वारी येतात ते विचारून ठेवा आणि शक्य असेल तर त्या दिवशी हजर राहा, नाहीतर फोनवर पाच मिनिटं मागून घ्या. वही जवळ ठेवा. विचारायचं ते असं:

"डॉक्टर, ही गोळी नेमकी कशासाठी? दुखणं, बद्धकोष्ठ, लघवी, साखर बघून झालं का? सुरुवात किती मिलिग्रॅमने? फरक कधी दिसायला हवा? काय दिसलं तर लगेच कळवायचं? पुन्हा कधी बघणार, तारीख लिहून देता का?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक सूचना सांगते की पुरेशा डोसने चार आठवड्यांत फरक पडला नाही तर अँटिसायकॉटिक हळूहळू बंद करावं, आणि फरक पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघावं. प्रत्यक्षात अशा गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण बंद करायची आठवण कोणाच्याच वहीत नसते. तुमच्या कॅलेंडरवर ती तारीख लिहा.

भेटीला गेलात की त्यांचा हात हातात घेऊन कोपरात हलकेच वाकवून बघा. गोळी सुरू होण्याआधीपेक्षा ताठ लागतोय का? लाळ गळतेय, पावलं घासत पडतायत, पाणी पिताना ठसका लागतोय, उठल्या उठल्या झोक जातोय? तसं असेल तर त्याच दिवशी कळवा.

एक लक्षण मात्र फसवं आहे. गोळी सुरू झाल्यावर माणूस क्षणभरही बसू शकत नाही, उभा राहतो, पाय बदलतो, पुन्हा चालायला लागतो. ही आतली तगमग त्याच गोळीने झालेली असू शकते. मग 'अजून रेस्टलेस आहेत' म्हणून डोस आणखी वाढतो आणि तगमगही वाढते. म्हणून वहीत गोळी सुरू झाल्याची आणि प्रत्येक डोस बदलल्याची तारीख ठळक लिहा, आणि त्या तारखेनंतर येरझाऱ्या वाढल्या तर तो क्रम डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा.

'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच द्यायची, म्हणून लिहिलेल्या गोळीचा हिशेब वेगळा मागा. महिन्यात किती वेळा दिली, कोणी, काय बघून. रात्रपाळीला माणसं कमी असली की एसओएसचा आकडा चढतो. असं दिसलं तर तक्रारीच्या सुरात न बोलता सेंटरच्या प्रमुखांसमोर वही ठेवून रात्रीच्या माणसांबद्दल बोला.

८. गोळी घेतच नाहीत तेव्हा

तोंड मिटून घेतात, थुंकतात, गालात धरून ठेवतात. आधी गिळायला त्रास होतोय का ते बघा. पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना किंवा गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टना दाखवा. माणसाला ताठ बसवा, समोर बसा, एका वेळी एकच गोळी. नाही म्हणाले तर वीस मिनिटांनी दुसऱ्या कोणीतरी जावं.

कुटायची घाई नको. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, म्हणजे ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतात त्या, आणि पोटात विरघळू नये म्हणून आवरण दिलेल्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं किंवा वाया जातं. त्याऐवजी सिरप, विरघळणारी गोळी किंवा पट्टी मिळते का ते केमिस्टना आणि डॉक्टरांना विचारा. चालत असेल ती गोळी चमचाभर केळ्याच्या गरात द्यावी, पूर्ण वाटी भातात मिसळू नये. अर्धा भात उरला तर किती औषध पोटात गेलं, कळायला मार्ग नाही.

न सांगता, लपवून औषध देणं हा शेवटचा उपाय. तो करायचाच असेल तर डॉक्टर, सेंटर आणि तुम्ही मिळून ठरवा, फाइलमध्ये लिहा, आणि फक्त खरोखर अत्यावश्यक गोळ्यांसाठी. या निमित्ताने डॉक्टरांना यादीतली प्रत्येक गोळी आता लागते का, ते विचाराच. पाच गोळ्या कमी झाल्या की दिवसातली पाच भांडणं कमी होतात.

९. बांधून ठेवणं

काही ठिकाणी पडू नयेत म्हणून खुर्चीला ओढणीने बांधतात, पलंगाचे कठडे लावतात. त्याने पडणं थांबतंच असं नाही. माणूस कठड्यावरून चढायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ज्या संस्थांना लागू आहे, तिथे तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने बांधता येतं, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवावं लागतं. तुमचं सेंटर कोणत्या नोंदणीखाली चालतं हे दाखल करतानाच विचारा, आणि 'मला कळवल्याशिवाय बांधायचं नाही' हे लेखी द्या. पर्याय म्हणून पलंग खाली घेणं, शेजारी गादी टाकणं, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवणं, ठरावीक वेळी लघवीला नेणं हे सुचवा.

१०. रात्री हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं तर

याची तयारी आजच करून ठेवा. एका पारदर्शक फोल्डरमध्ये औषधांचा ताजा कागद, आजारांची यादी, ॲलर्जी, अलीकडचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि विम्याची झेरॉक्स, तुमचा आणि आणखी एका नातेवाइकाचा नंबर. एक प्रत सेंटरमध्ये, एक तुमच्या दाराजवळ. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी बरोबर गेली पाहिजे, हे मामांना सांगून ठेवा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे असू द्या: "यांना डिमेन्शिया आहे, एरवी ते असे नसतात, हा बदल अमुक दिवसापासून आहे." त्यानंतर, त्यांना देऊ नये असं एखादं औषध असेल तर त्याचं नाव. पहिली रात्र ओळखीचं कोणीतरी शेजारी बसलेलं हवं. ते तुम्हीच असलं पाहिजे असं नाही. मुलगा, भाची, शेजारची वहिनी, ज्यांना येणं शक्य आहे त्यांची नावं आत्ताच विचारून फोल्डरवर लिहा.

फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे दोन सरकारी नंबर आहेत. तेही फोल्डरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.